वसईचे ब्रदर गोन्सालो

संत गोन्सालो गार्सिया म्हटले की आम्हा वसईकरांच्या डोळ्यांसमोर क्रूस आणि भाले उभे राहतात. सण येतो, मिस्सा होते, प्रवचनात नागासाकीचे नाव ऐकू येते. क्रूसावरचे त्यांचे मरण मात्र थोड्या वेळात संपले. त्याआधीची पंचवीस वर्षे आपण फारशी आठवत नाही. खरे तर त्या वर्षांतच देवाने त्यांना घडवले.

त्यांचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथली. येशूसंघीय फादरांच्या शाळेत ते शिकले. आज किल्ल्यात ज्या देवळात त्यांचा सण साजरा होतो, ते येशूसंघीयांचेच देऊळ. फादर सेबास्तियन गोन्साल्विस यांच्याबरोबर १५७२ मध्ये ते जपानला गेले, तेव्हा त्यांचे वय होते अवघे पंधरा-सोळा. या वयात आपली मुले अजून दहावीचा क्लास करत असतात.

जपानी भाषा त्यांनी लवकर आत्मसात केली. आठेक वर्षे ते धर्मशिक्षक म्हणून फादरांच्या हाताखाली राबले. मनात एकच इच्छा होती : येशूसंघात प्रवेश मिळावा. ती पूर्ण झाली नाही. त्या काळी धर्मसंघ भारतीय रक्ताच्या तरुणांना घ्यायला कचरत असत. गोन्सालोंच्या बाबतीतही कदाचित तेच आड आले असेल. कारण काहीही असो, आठ वर्षांच्या सेवेनंतर मिळालेला तो नकार होता. आपल्याला धर्मग्रामाच्या समितीतून वगळले तरी आपण दोन-दोन रविवार देवळाकडे फिरकत नाही.

गोन्सालो त्या घरातून बाहेर पडले आणि व्यापार करू लागले. पैसा चांगला मिळाला, नाव झाले. पण मन रमेना. पुढे ते मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाकडे गेले आणि व्रतबंधू, म्हणजे ब्रदर झाले. ब्रदर म्हणजे मिस्सा अर्पण करणारा धर्मगुरू नव्हे. पडेल ते काम करायचे, सर्वांच्या नंतरची जागा घ्यायची. कमावलेली संपत्ती मागे ठेवून, दोरखंडाने बांधलेला जाडाभरडा झगा त्यांनी अंगावर घेतला.

आता देवाची योजना पाहा. १५९३ मध्ये मनिलाच्या गव्हर्नरने फादर पीटर बाप्तिस्ता यांना जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे वकील म्हणून पाठवले. फादरांना जपानी येत नव्हते. दुभाषा हवा होता, आणि तो होता आमचा वसईचा ब्रदर. ज्या देशात इच्छा अपुरी राहिली होती, त्याच देशात देवाने त्यांना परत नेले.

दुभाष्याचे काम मोठे विलक्षण असते. बोलायचे आपण, पण शब्द दुसऱ्याचा. आपल्याला काय वाटते ते बाजूला ठेवायचे, आपला राग, आपली हुशारी मध्ये घुसू द्यायची नाही. दरबारात ज्याच्या एका शब्दावर माणसांचे प्राण अवलंबून होते, त्या हिदेयोशीपुढे गोन्सालो असे उभे राहिले. त्या मुत्सद्देगिरीचा मान फादर बाप्तिस्तांच्या नावे इतिहासात नोंदला गेला, आणि तसेच व्हायला हवे होते. परवानगी मिळाली. क्योटो शहरात देऊळ उभे राहिले, कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये निघाली.

ऑक्टोबर १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यातून उठलेल्या संशयाने हिदेयोशी बिथरला. फ्रान्सिस्कन बंधू व त्यांच्याबरोबरचे ख्रिस्ती लोक पकडले गेले. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योटोत त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला, गाड्यांतून धिंड निघाली. मग ऐन थंडीत सुमारे ८०० किलोमीटरची वाट तुडवत त्यांना नागासाकीला नेण्यात आले. निघाले तेव्हा चोवीस होते. वाटेत आणखी दोघांची भर पडली. त्यांत बारा-तेरा वर्षांची मुलेही होती.

५ फेब्रुवारीला निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस तयार होते. खिळे नव्हते, लोखंडी कड्यांनी आणि दोरांनी हातपाय बांधून वरून भाले खुपसायचे. सव्वीसांत सहा फ्रान्सिस्कन होते, तिघे येशूसंघीय आणि बाकी सतरा प्रापंचिक. त्या येशूसंघीयांपैकी योहान गोटो आणि याकोब किसाई या दोघांना त्यांच्या व्रतांचा स्वीकार मरणाच्या उंबरठ्यावर मिळाला. तरुणपणी गोन्सालोंनी जे मागितले होते, तेच त्या दोघांना तिथे लाभले. गोन्सालो फ्रान्सिस्कन झग्यात त्याच रांगेत क्रूसावर चढले. ज्या संघाने त्यांना घेतले नाही आणि ज्या संघाने घेतले, दोघांची माणसे खांद्याला खांदा लावून एकाच प्रभूसाठी मेली.

पोप आठवे अर्बन यांनी १६२७ मध्ये त्यांना धन्य म्हणून घोषित केले, तर ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी सव्वीसही जणांना संतपद दिले. भारतात जन्मलेल्यांमध्ये संतपदाचा पहिला मान असा वसईच्या एका ब्रदरकडे आला.

संतपदाच्या शताब्दीला, १९६२ मध्ये, त्या टेकडीवर सव्वीस कांस्य पुतळ्यांचे स्मारक उभारले गेले. धर्मगुरू, ब्रदर, प्रापंचिक, पोरेसोरे, सगळे एकाच ओळीत. आपल्यापैकी कोणी नोकरीनिमित्त किंवा सहलीने जपानला गेले, तर नागासाकी रेल्वे स्टेशनपासून ती टेकडी पायी जाण्याच्या अंतरावर आहे.