सार्वजनिक काका : कै. गणेश वासुदेव जोशी

देवस्थानाची मालमत्ता कोणाची, आणि तिच्या व्यवस्थेविषयी जाब विचारण्याचा अधिकार कोणास, हा प्रश्न प्रत्येक देवालय-संस्थेपुढे केव्हा ना केव्हा उभा राहतो. पुण्यात हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी उपस्थित झाला आणि त्यातून महाराष्ट्रातील एका थोर सार्वजनिक संस्थेचा जन्म झाला. त्या संस्थेचे प्राण असलेले वकील म्हणजे कै. गणेश वासुदेव जोशी होत. लोक त्यांस प्रेमाने सार्वजनिक काका म्हणत, आणि पुढे मूळ नावापेक्षा हेच नाव अधिक रूढ झाले.

गणेशपंतांचा जन्म १८२८ साली सातारा येथे झाला. घरची स्थिती बेताची असल्यामुळे त्यांना लवकरच नोकरी पत्करावी लागली. पुढे ते पुण्यास आले आणि काही काळ सरकारी कचेरीत कारकुनी केल्यानंतर वकिलीची परीक्षा देऊन त्या धंद्यात पडले. त्या काळच्या वकिलाचे बहुतेक काम जमिनी, वाडे, इनामे, वाटण्या आणि गहाणखते यांविषयीचे असे. दस्तऐवज कसा लिहावा, अधिकार कोठून येतो व तो कसा सिद्ध करावा, याचे त्यांस सूक्ष्म ज्ञान होते. हेच ज्ञान त्यांनी पुढे लोककार्यास लावले.

पुण्याच्या पर्वतीवरील श्रीदेवदेवेश्वराचे देवालय नानासाहेब पेशव्यांनी बांधविले. पेशवाई गेल्यानंतरही त्या संस्थानाचे उत्पन्न व व्यवस्था चालू राहिली आणि ती पंचांच्या हाती आली. १८७० च्या सुमारास या पंचांच्या कारभाराविषयी शहरात असंतोष उत्पन्न झाला. देव सर्वांचा, पूजाअर्चेचा खर्च सर्वांच्या श्रद्धेवर चालणारा, मग हिशेब मात्र मूठभर मंडळींपुरताच का असावा, असे लोकांस वाटू लागले. परंतु तक्रार करणारास सरकार सहज विचारू शके की, तुम्हांस बोलण्याचा अधिकार कोणी दिला?

या प्रश्नाचे उत्तर गणेशपंतांस आपल्या धंद्यात सापडले. जमिनीच्या व्यवहारात दुसऱ्याच्या वतीने बोलणारा मनुष्य मुखत्यारपत्र दाखवितो. तेच लोकांच्या वतीने बोलणाऱ्याने का दाखवू नये? प्रश्न पर्वतीपुरता न ठेवता लोकांच्या सर्वच गाऱ्हाण्यांसाठी संस्था असावी असे ठरून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. किमान पन्नास प्रौढ माणसांनी सह्या केलेले मुखत्यारपत्र ज्याच्याजवळ असेल, त्यानेच सभासद व्हावे असा नियम करण्यात आला. आरंभीच्या पंचाण्णव सभासदांच्या पाठीशी अशा सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या होत्या. औंधचे श्रीमंत पंतप्रतिनिधी अध्यक्ष झाले आणि चिटणिसीचा भार गणेशपंतांवर पडला. मतदानाचा हक्क देशात जवळजवळ कोणासच नव्हता, त्या काळी लोकांच्या लेखी संमतीवर उभी राहिलेली ही सभा होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या योजनेचे मोल कळते.

पुढील वर्षी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे पुण्यास बदलून आले. रानड्यांचे चिंतन आणि काकांचे अविश्रांत श्रम यांचा सुंदर मिलाफ सभेत झाला. रानडे सरकारी नोकर असल्यामुळे पुढे येऊन झगडण्याचे काम काकांकडेच राहिले. फेरमोजणीनंतर दख्खनच्या शेतकऱ्यांवर साऱ्याचा बोजा वाढला होता आणि कापसाचे भाव उतरल्यामुळे जमिनी सावकारांच्या घशात जात होत्या. सभेने खेड्यापाड्यांतून माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. मे १८७५ मध्ये सुपे येथे दंगा होऊन तो आसपासच्या मुलखात पसरला. गहाणखते जाळली गेली, आणि हा प्रश्न किती खरा होता हे सर्वांच्या प्रत्ययास आले. १८७६ च्या भीषण दुष्काळातही सभेने ठिकठिकाणी माणसे पाठवून लोकांची स्थिती सरकारच्या नजरेस आणली.

त्याच १८७५ साली बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांच्यावर रेसिडेंटास विष घालण्याच्या प्रयत्नाचा आरोप येऊन त्यांस पदच्युत करण्यात आले. त्या प्रकरणीही सभेने महाराजांची बाजू न्यायाने ऐकली जावी म्हणून आवाज उठविला. बडोद्याच्या मराठी कुटुंबांस ही आठवण जवळची वाटेल.

काकांचा स्वदेशीचा आग्रह तर विलक्षण होता. १२ जानेवारी १८७२ रोजी त्यांनी हातसुताचे कापड वापरण्याचे व्रत घेतले आणि ते आमरण पाळले. ते स्वतः सूत काढीत. देशी मालाची दुकाने निघावीत म्हणून त्यांनी पुष्कळ खटपट केली. त्यांपैकी बहुतेक दुकाने फार काळ टिकली नाहीत, तरी बीज पेरले गेले. १ जानेवारी १८७७ रोजी भरलेल्या दिल्ली दरबाराच्या प्रसंगी, राजेमहाराजांच्या झगमगाटात, खादीचा जाडाभरडा पोषाख घालून सभेचे हे चिटणीस लोकांचे मानपत्र घेऊन गेले. त्या मानपत्रात हिंदी प्रजेस ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचा दर्जा मागितलेला होता.

तंटे कोर्टात न जाता आपसांत मिटावेत म्हणून १८७६ मध्ये पुण्यात लवाद कोर्ट स्थापन झाले, त्यातही काका अग्रभागी होते. ज्याच्या पोटाचा धंदा तंट्यांवर चालतो त्यानेच तंटे मिटविण्याची सोय करावी, यात त्यांच्या निःस्वार्थतेची पारख होते. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीही स्त्रियांची सभा चालवून निरनिराळ्या जातींच्या भगिनींस हळदीकुंकवास एकत्र बोलाविले.

काकांच्या धैर्याची कसोटी १८७९ साली लागली. वासुदेव बळवंत फडके यांस राजद्रोहाच्या आरोपावरून पुण्यात आणण्यात आले. सरकारचा संशय आपल्यावर येईल या भयाने लोक त्यांचे नाव घेण्यासही कचरत. काकांस बंडाचा मार्ग मान्य नव्हता. त्यांचा सारा जन्म अर्ज आणि सनदशीर खटपट यांत गेला होता. परंतु आरोपीस बचावाचा हक्क आहे, आणि वकील जर भिऊन मागे राहिला तर कायद्यास अर्थ उरत नाही, या निष्ठेने त्यांनी फडक्यांचे वकीलपत्र घेतले. फडक्यांस जन्मठेप झाली, तथापि ते न्यायासनापुढे एकाकी पडले नाहीत.

यानंतर थोड्याच काळात, १८८० साली, काकांचे देहावसान झाले. त्यांचे वय अवघे बावन्न वर्षांचे होते.

काकांनी ग्रंथ लिहिले नाहीत की संपत्ती जमविली नाही. परंतु ज्याच्या वतीने आपण बोलतो त्याची संमती आधी घ्यावी आणि मग त्याच्यासाठी मागे हटू नये, हा धडा त्यांनी आचरणाने घालून दिला. देवालयाचा कारभार पाहणारे पंच असोत वा वर्गणी देणारे सामान्य सभासद असोत, दोघांनीही तो मनात बाळगावा. वार्षिक सभेस उपस्थित राहून हिशेब आस्थेने पाहणे आणि विचारल्यास तो मोकळेपणाने दाखविणे, ही देखील देवाची सेवाच होय.