वस्तीचा हिशेब मांडणारा कादंबरीकार : आलुइझियो आझेवेदो

निसर्गवादी कादंबरीचा विचार करताना आपल्याकडे एमिल झोलाच्या पलीकडे सहसा जाणे होत नाही. पॅरिसमधील कष्टकरी वस्तीचे चित्रण करणाऱ्या त्याच्या १८७७ मधील ‘लासोम्वार’ या कादंबरीचा प्रभाव ज्या देशांपर्यंत पोचला त्यांत ब्राझील हा एक महत्त्वाचा देश होय. तेथील आलुइझियो आझेवेदो (१८५७–१९१३) याची ‘ओ कोर्तिसो’ (१८९०) ही कादंबरी झोलाच्या वळणावर लिहिलेली असली, तरी तिला झोलाची छाया म्हणणे अन्यायाचे ठरेल. शहरी दारिद्र्यातून संपत्ती कशी निर्माण होते, या प्रश्नाचा तिच्याइतका रोखठोक शोध त्या काळच्या फार थोड्या कादंबऱ्यांनी घेतला आहे. ही दृष्टी आझेवेदोला केवळ ग्रंथांतून मिळालेली नव्हती. ती त्याच्या आयुष्यक्रमातून कशी घडत गेली, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आझेवेदोचा जन्म १४ एप्रिल १८५७ रोजी उत्तर ब्राझीलमधील मारान्यांव प्रांताच्या सांव लुईस या राजधानीत झाला. वडील दाविद हे पोर्तुगालचे उपवाणिज्यदूत. आई एमिलिया हिने आपल्या पहिल्या व्यापारी पतीचे घर सोडले होते आणि दाविद यांच्याशी तिचे सहजीवन विवाहाविना सुरू झाले होते. पोर्तुगीज व्यापाऱ्यांचे वर्चस्व असलेल्या त्या सनातनी गावात ही गोष्ट खपण्यासारखी नव्हती. प्रतिष्ठितांच्या नीतीचा काच आझेवेदोने अशा रीतीने घरातच अनुभवला. त्याचा थोरला भाऊ आर्तुर पुढे ब्राझीलचा अत्यंत लोकप्रिय नाटककार झाला. आलुइझियोने मात्र पोरवयात दुकानात कारकुनी केली व त्याच सुमारास चित्रकलेचे धडे घेतले. खतावणी आणि रेखाचित्र या दोन्हींचा उपयोग त्याला पुढे कादंबरीकार म्हणून झाला.

१८७६ मध्ये तो भावापाठोपाठ रिओ दि जानेरोला गेला. चित्रकार होण्याची आकांक्षा बाळगून त्याने तेथील कला अकादमीत शिक्षण घेतले आणि चरितार्थासाठी ‘ओ फिगारो’, ‘ओ मेकेत्रेफे’ यांसारख्या नियतकालिकांतून व्यंगचित्रे काढली. एखाद्या माणसाची चाल, पोट, टोपी, हातवारे यांवरून त्याचा वर्ग आणि वृत्ती एका रेषेत पकडण्याची सवय त्याला येथे लागली. पुढे कादंबरी लिहितानाही तो पात्रांची चित्रे आधी काढीत असे आणि ती मेजावर समोर ठेवून प्रसंग रचीत असे. त्याच्या पात्रांना अंतरंगापेक्षा बाह्यरूप अधिक ठळक का असते, याचा उलगडा यावरून होतो.

१८७८ मध्ये वडिलांचे निधन झाल्याने त्याला सांव लुईसला परतावे लागले. तेथे त्याने पाद्र्यांच्या सत्तेवर टीका करणाऱ्या ‘ओ पेन्सादोर’ या पत्रात लेखन केले आणि १८८१ मध्ये ‘ओ मुलातो’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. व्यापारी बाप आणि गुलाम आई यांच्या पोटी जन्मलेला, युरोपात शिकून आलेला राइमुंदो हा तिचा नायक. चुलत बहिणीशी विवाह करण्याची त्याची इच्छा केवळ त्याच्या रक्तामुळे धुडकावली जाते आणि एका धर्मगुरूच्या चिथावणीने त्याचा खून होतो. खुनात सहभागी झालेल्यांची प्रतिष्ठा अबाधित राहते, हा तिचा शेवट गावाला विशेष झोंबला. राजधानी रिओमध्ये कादंबरीचे स्वागत झाले, तर जन्मगावी लेखकाला राहणे कठीण झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो रिओला परतला. ब्राझीलमधील निसर्गवादाचा आरंभ सामान्यतः या कादंबरीपासून मानतात.

रिओमध्ये आझेवेदोने केवळ लेखणीवर जगण्याचा निश्चय केला. ब्राझीलमध्ये असा प्रयत्न करणाऱ्या पहिल्या लेखकांत त्याची गणना होते. बहुसंख्य प्रजा निरक्षर असलेल्या देशात या निश्चयाची किंमत मोठी होती. वृत्तपत्रांच्या मागणीनुसार त्याला रहस्य, प्रणय व अतिरंजित घटना यांनी भरलेल्या क्रमशः कादंबऱ्या लिहाव्या लागल्या. ‘कासा दि पेन्सांव’ (१८८४) आणि ‘ओ कोर्तिसो’ यांसारख्या गंभीर कृती या पोटार्थी लेखनातून सवड काढून सिद्ध झाल्या आहेत.

‘कोर्तिसो’ या शब्दाचा मूळ अर्थ मधमाश्यांचे घर. रिओमध्ये तो शब्द एका अंगणाभोवती दाटीवाटीने उभारलेल्या भाड्याच्या खोल्यांना लावला जाई. मराठी वाचकाने ‘चाळ’ म्हणून तो समजून घ्यावा, मात्र येथील अंगणात कपडे धुण्याचे टपही भाड्याने मिळत, हा विशेष ध्यानात ठेवावा. कादंबरीतील वस्ती बोताफोगो भागात आहे. तिचा मालक जुआंव रोमांव हा गुत्त्यावर राबून वर आलेला पोर्तुगीज. शेजारची बेर्तोलेझा ही गुलाम स्त्री खाद्यपदार्थ विकून आपल्या दूरस्थ मालकाला दरमहा वीस मिलरेस पोचवते आणि उरलेली शिल्लक मुक्ततेसाठी विश्वासाने रोमांवकडे ठेवते. तो तिला बनावट मुक्तिपत्र देतो आणि तिच्या पैशातून जमीन घेतो. रात्री चोरलेल्या बांधकाम-साहित्यातून पहिल्या तीन खोल्या उभ्या राहतात. त्यांच्या पुढे पंचाण्णव होतात. मागील दगडाच्या खाणीत राबणाऱ्या मजुराला रोमांव मजुरी देतो आणि तीच मजुरी खोलीभाडे, उधारीचा किराणा व दारू यांच्या रूपाने त्याच्याकडे परत येते. पैशाचा हा फेरा ज्या तपशिलाने मांडला आहे, त्यामागे दुकानात बसलेल्या मुलाची नजर आहे, असे म्हणावेसे वाटते.

या हिशेबाच्या जोडीला निसर्गवादाचा सिद्धान्तही कादंबरीत आहे आणि तिचे दौर्बल्य नेमके तेथेच आढळते. कष्टाळू पोर्तुगीज जेरोनिमो हा रिता बायानाच्या मोहात पडून आळशी व व्यसनी होतो. त्याची कारणमीमांसा लेखक उष्ण हवामान व वंश यांच्या आधारे करतो. मिश्रवर्णीय स्त्रीला तो जवळजवळ निसर्गशक्तीच ठरवतो. ‘ओ मुलातो’मध्ये वर्णद्वेषावर आघात करणाऱ्या लेखकाने त्या काळच्या तथाकथित वंशशास्त्राला अशी शरणागती द्यावी, हा त्याच्या वाङ्मयीन व्यक्तिमत्त्वातील गंभीर अंतर्विरोध होय. तथापि कथानकाची गती या सिद्धान्ताला पुरती जुमानत नाही. वस्तीतल्या माणसांची दुर्दशा रक्तामुळे होते असे निवेदक सुचवीत असतानाच, ती कोणाच्या लाभासाठी होते हे घटनाक्रम दाखवीत जातो.

बेर्तोलेझाचा शेवट याचे निर्णायक प्रमाण आहे. धनाढ्य झालेल्या रोमांवला शेजारच्या मिरांदाच्या कन्येशी विवाह करून प्रतिष्ठितांत शिरायचे असते. बेर्तोलेझाची अडचण दूर करण्यासाठी तो तिच्या मूळ मालकाच्या वारसांना तिचा ठावठिकाणा कळवतो. तिला नेण्यासाठी पोलीस येतात तेव्हा आपण कधी मुक्त झालोच नव्हतो, हे तिच्या ध्यानात येते. मासे साफ करण्याच्या सुरीने ती आपले पोट फाडून घेते. त्याच वेळी गुलामगिरीविरोधी मंडळाचे प्रतिनिधी रोमांवला सन्मानपत्र अर्पण करण्यासाठी दाराशी येतात. ब्राझीलमध्ये गुलामगिरी १३ मे १८८८ रोजी कायद्याने संपली आणि कादंबरी त्यानंतर दोनच वर्षांनी आली. मुक्तीच्या समारंभात मुक्त न झालेल्यांचा हिशेब तिने समाजापुढे ठेवला.

रिओतील अशा वस्त्यांचे पुढे काय झाले, हेही येथे नोंदवले पाहिजे. ‘काबेसा दि पोर्को’ ही प्रसिद्ध वस्ती १८९३ मध्ये नगरप्रशासनाने जमीनदोस्त केली. विसाव्या शतकाच्या आरंभी शहर-सुधारणेच्या नावाखाली आणखी घरे पाडली गेली. कादंबरीत मात्र आगीनंतर रोमांव स्वतःच वस्तीचे रूप पालटून अधिक भाडे देणारे भाडेकरू आणतो आणि दरिद्री माणसे दुसऱ्या कोर्तिसोकडे ढकलली जातात. स्थलांतराची ही प्रक्रिया लेखकाने अचूक हेरली होती.

१८९५ मध्ये ‘लिव्ह्रो दि उमा सोग्रा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. त्याच वर्षअखेर आझेवेदो वाणिज्यदूत म्हणून सरकारी सेवेत दाखल झाला आणि त्याचे कादंबरीलेखन थांबले. आपल्या पुस्तकांचे हक्क त्याने गार्निए या प्रकाशनसंस्थेला विकले. १८९७ मध्ये स्थापन झालेल्या ब्राझिलियन साहित्य अकादमीच्या संस्थापकांत तो होता, परंतु तोवर त्याच्यातील कादंबरीकार निवृत्त झाला होता. व्हिगो, योकोहामा, कार्डिफ, नेपल्स, आसुन्सिओन असा प्रवास करीत तो ब्वेनोस आयरिसला पोचला. जपानविषयीचे त्याचे अपुरे लेखन १९८४ मध्ये ग्रंथरूपाने आले. अखेरच्या काळात पास्तोरा लुकेस या अर्जेंटिनी स्त्रीशी त्याचे सहजीवन होते आणि तिच्या दोन मुलांना त्याने आपले मानले. २१ जानेवारी १९१३ रोजी ब्वेनोस आयरिस येथे त्याचे निधन झाले. १९१९ मध्ये त्याचे अवशेष सांव लुईसला आणण्यात आले. ज्या गावाने त्याला राहू दिले नव्हते, त्या गावाने अखेर त्याला मातीत जागा दिली.

मराठीत जयवंत दळवी यांची ‘चक्र’ (१९६३) आणि भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ (१९६५) या कृतींनी मुंबईच्या वस्तीजीवनाला वाङ्मयात आणले. ‘वासूनाका’वरील वादात अश्लीलतेचा मुद्दा अग्रभागी राहिला. आझेवेदोच्या वाचनातून आपल्याला आणखी एक प्रश्न विचारता येतो : वस्तीतली माणसे कशी जगतात एवढेच कादंबरी सांगते, की त्या जगण्यावर कोणाची मिळकत उभी आहे हेही सांगते? वंशसिद्धान्ताचे ओझे वाहूनही ‘ओ कोर्तिसो’ टिकली, ती या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिने टाळले नाही म्हणून.