बॅरिस्टर गांधींची कॉलर

शेवटचे वर्ष सरत आले की महाविद्यालयाच्या सूचना-फलकावर दोन प्रकारचे कागद लागतात. एक फी थकलेल्यांच्या नावांचा आणि दुसरा नोकरीच्या मुलाखतींचा. पहिल्या कागदाला आम्ही सरावलेले असतो. दुसऱ्याने पोटात गोळा येतो. २०२५ च्या जानेवारीत लागलेल्या अशाच एका कागदाच्या तळाशी उमेदवारांनी औपचारिक पोशाखात यावे अशी सूचना होती. उपाहारगृहात मित्रांनी लगेच हिशेब मांडला. ब्लेझर, दोन शर्ट, पँट, टाय, चामडी बूट. आकडा ९,००० रुपयांच्या पुढे गेला. माझ्या खिशात होते २,२००.

घरी हे कळल्यावर दादा म्हणाला की तू ब्लेझर घे, मी जादा पाळ्या करीन. दादा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कामाला आहे. भट्टीसमोरच्या जादा पाळीचा अर्थ काय असतो, हे त्याचे हात पाहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. मी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही.

त्याच सुमारास बेळगावच्या १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाला शंभर वर्षे झाली म्हणून ग्रंथालयात गांधीजींवरील पुस्तके एका टेबलावर मांडून ठेवली होती. टिळकवाडीतील काँग्रेस विहिरीवरून मी रोज येतो-जातो, पण त्या माणसाचे आत्मचरित्र कधी उघडले नव्हते. चरखा आणि उपवास यांवरचा उपदेश असेल अशा समजुतीने ते उचलले, आणि आत सापडल्या टोप्या, टाय, कोट आणि कॉलरी! ज्या माणसाला आपण फक्त पंचात पाहिले आहे, त्याने नोकरी-व्यवसायाच्या कपड्यांचा प्रश्न आपल्यापेक्षा कितीतरी जास्त सोसला होता. त्याची ही हकीकत मी माझ्या गरजेपोटी वाचली, आणि तशीच येथे मांडतो.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे झाला. वडील संस्थानचे दिवाण होते, पण ते १८८५ मध्ये वारले आणि घरची भरभराट ओसरली. मोहनदासला बॅरिस्टर करावे म्हणून थोरले भाऊ लक्ष्मीदास यांनी पैशाची जुळवाजुळव केली, आणि ४ सप्टेंबर १८८८ रोजी हा १८ वर्षांचा मुलगा मुंबईहून बोटीत बसला. मुंबईत शिवलेले कपडे बरोबर होते. त्यांतला पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट त्याने इंग्लंडला उतरताना घालायचा म्हणून मुद्दाम जपून ठेवला होता. उतरून पाहतो तो थंडीचे दिवस तोंडावर आलेले आणि सगळ्या गर्दीत पांढऱ्या कपड्यांतला तो एकटाच. बाकीचे सामान एजंटाच्या ताब्यात आणि दुसऱ्या दिवशी रविवार! लाजेने तो अर्धमेला झाला. परक्या जागी पहिल्या दिवशी चुकीचा सदरा घालून गेलेल्या कुणालाही हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही.

या लाजेतून मग सुरू झाली खरेदी. मुंबईचे कपडे शिष्ट समाजात चालणार नाहीत असे वाटून त्याने आर्मी अँड नेव्ही स्टोअर्समधून नवे घेतले. धुराड्यासारखी उंच टोपी १९ शिलिंगांना घेतली. तेवढ्याने भागेना म्हणून फॅशनचे माहेरघर असलेल्या बाँड स्ट्रीटवर १० पौंड खर्चून संध्याकाळचा सूट शिवला. घरी भावाला लिहून घड्याळाची सोन्याची दुपदरी साखळी मागवली, आणि त्या भल्या माणसाने ती पाठवलीही. तयार बांधलेला टाय वापरणे गावंढळपणाचे समजले जाई, म्हणून टाय बांधायला तो शिकला. मोठ्या आरशासमोर टाय आणि भांग यांत रोज दहा मिनिटे जात. नृत्य, व्हायोलिन आणि वक्तृत्व यांच्या शिकवण्या निराळ्याच.

हे वेड सुमारे तीन महिने टिकले. आपण येथे विद्यार्थी आहोत, जन्मभर राहणार नाही, आणि खर्च होतो आहे तो कष्टाने पैसे पाठवणाऱ्या भावाचा, हे त्याच्या ध्यानात आले. शिकवण्या बंद झाल्या. पै न् पैचा हिशेब लिहिण्याची सवय आता उपयोगी पडली. गाडीभाडे वाचवून तो रोज आठ-दहा मैल चालू लागला. पुढे आठवड्याला ८ शिलिंग भाड्याची एकच खोली घेतली. सकाळी ओटची लापशी आणि रात्री कोको-पाव स्वतः करून दिवसाचे खाणे सव्वा शिलिंगात भागवू लागला.

येथे मी वाचता वाचता वहीच्या पाठीमागे हिशेब केला. एका पौंडाचे २० शिलिंग. म्हणजे बाँड स्ट्रीटच्या त्या एका सुटाच्या पैशात त्या खोलीचे २५ आठवड्यांचे भाडे निघाले असते, आणि टोपीच्या पैशात १५ दिवसांचे जेवण! त्याने हा हिशेब याच शब्दांत केला होता की नाही कोण जाणे. माझ्यासमोर मात्र फाउंड्रीतल्या जादा पाळ्या उभ्या राहिल्या.

पण एक गोष्ट विसरता कामा नये. काटकसर सुरू झाली म्हणून कपड्यांतली टापटीप गेली नाही. ती पुढे कित्येक वर्षे टिकली. सच्चिदानंद सिन्हा यांनी १८९० च्या सुमारास त्यांना लंडनमध्ये पाहिले, ते चकचकीत रेशमी टोपी, ताठ कॉलर, रंगीत टाय आणि पॉलिश केलेले बूट अशा थाटात. म्हणजे एकदा घेतलेले कपडे नीट राखायचे आणि बचत खोली, गाडी व जेवण यांत करायची, असा तो मार्ग दिसतो.

१० जून १८९१ रोजी ते बॅरिस्टर झाले आणि दोनच दिवसांनी घरी निघाले. आता अंगावर उत्तम पोशाख होता आणि हातात सनद. मुंबईत लघुवाद न्यायालयात पहिला खटला मिळाला, फी ३० रुपये. उलटतपासणीला उभे राहिले आणि डोके गरगरू लागले. एक प्रश्न सुचेना. खाली बसले, पक्षकाराला दुसरा वकील करायला सांगितले आणि निघून गेले. त्यानंतर एका शाळेत रोज एक तास इंग्रजी शिकवण्याची जाहिरात पाहून अर्ज केला, पगार ७५ रुपये. पदवीधर नाही म्हणून तीही जागा मिळाली नाही. बॅरिस्टर असूनही! गाडीभाडे परवडत नाही म्हणून गिरगावातून उच्च न्यायालयात ते पायी जात. मित्रहो, मुलाखतीतून परत आलेल्या आपल्यासारख्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

१८९३ मध्ये दादा अब्दुल्ला यांच्या पेढीने एका खटल्याच्या कामासाठी वर्षभर दक्षिण आफ्रिकेत येण्याबद्दल १०५ पौंड आणि प्रवासखर्च देऊ केला. दरबानला ते फ्रॉककोट आणि बंगाली धर्तीची पगडी घालून उतरले. न्यायालयात मॅजिस्ट्रेटने पगडी काढायला सांगितली. ते बाहेर पडले. त्यापेक्षा इंग्रजी टोपी घालावी असा विचार मनात आला, तर अब्दुल्ला शेठनी बजावले की पगडी शोभते. टोपी घातलीत तर लोक तुम्हाला हॉटेलातला वेटर समजतील.

पुढचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. ७ जून १८९३ च्या रात्री पीटरमॅरिट्झबर्ग स्टेशनवर पहिल्या वर्गाचे तिकीट असताना त्यांना गाडीबाहेर काढले. त्याच प्रवासातली जोहान्सबर्गची गोष्ट मात्र कमी लोक सांगतात. प्रिटोरियाचे पहिल्या वर्गाचे तिकीट मिळावे म्हणून ते फ्रॉककोट आणि टाय अशा पोशाखात स्वतः स्टेशनमास्तरसमोर उभे राहिले, आणि तिकीट मिळाले. परंतु गाडीत गार्ड आलाच आणि तिसऱ्या वर्गात जायला सांगू लागला. डब्यातल्या एका इंग्रज प्रवाशाने हरकत घेतली म्हणून जागा राहिली. चांगला कोट किती दार उघडतो आणि कोठे थांबतो, हे या एका प्रवासात कळते. कोटाने तिकीट मिळाले. जागा मिळाली नाही.

नाताळमध्ये वकिली सुरू केल्यावर बॅरिस्टरला शोभेसे घर ठेवणे आले आणि परटाचा प्रश्न पुढे ठाकला. त्या काळी कॉलर शर्टाला शिवलेली नसे. ती वेगळी असे आणि बटणाने अडकवायची. गांधी कॉलर रोज बदलत आणि शर्ट निदान एक दिवसाआड. परीट वेळेवर येईना, त्यामुळे दोन-तीन डझन शर्ट आणि कॉलरीही पुरेनात. शिवाय बिल जबर. तेव्हा त्यांनी धुण्याचे साहित्य विकत घेतले, धुलाईवरचे पुस्तक आणून अभ्यास केला आणि कस्तुरबांनाही शिकवले.

स्वतः धुतलेली पहिली कॉलर घालून ते न्यायालयात गेले. खळ जास्त झाली होती आणि इस्त्री पुरेशी तापली नव्हती. जळेल या भीतीने दाबही कमी दिला होता. कॉलर ताठ झाली खरी, पण तिच्यातून खळीचे कण झडू लागले. बाकीचे बॅरिस्टर हसले. प्रिटोरियात गोऱ्या न्हाव्याने केस कापायला नकार दिला तेव्हा त्यांनी स्वतःच कात्री चालवली होती आणि मागची बाजू बिघडवून घेतली होती. तेव्हाही असेच हसू झाले होते. या हसण्याने ते डगमगले नाहीत. हळूहळू हात बसला आणि त्यांची कॉलर धोब्याकडच्या कॉलरीला हार जाईना.

या विद्येचे प्रमाणपत्र त्यांना मिळाले ते एका मराठी माणसाकडून. १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले. त्यांच्याजवळ न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेले एक उपरणे होते. रानडे १९०१ मध्ये निवर्तले होते. गोखले ते उपरणे जिवापाड जपत आणि खास प्रसंगीच घेत. जोहान्सबर्गच्या हिंदी लोकांनी दिलेल्या मेजवानीला ते घ्यायचे होते, पण चुरगळले होते आणि लाँड्रीत पाठवायला वेळ नव्हता. गांधींनी इस्त्री करतो म्हटले. वकिलीबद्दल विश्वास आहे, परीटकामाबद्दल नाही, अशा अर्थाचे गोखले बोलले. गांधींनी हट्ट धरला, इस्त्री केली, आणि गोखल्यांनी शाबासकी दिली. गुरूची आठवण शिष्याच्या खांद्यावर आणि तिची घडी बॅरिस्टराच्या हाताची! मला हे सगळ्या पुस्तकातले सुंदर पान वाटते.

पुढचे बदल भराभर होत गेले. १९१३ च्या लढ्यात त्यांनी गिरमिट्या मजुरांचा वेष घेतला. जानेवारी १९१५ मध्ये मायदेशी आले ते काठेवाडी पोशाखात. तिसऱ्या वर्गाच्या प्रवासात अंगरखा आणि उपरण्याचे ओझे होते म्हणून तेही सोडून त्यांनी आठ-दहा आण्यांची काश्मिरी टोपी घेतली. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत, खादी घ्यायलाही पैसे नाहीत असे सांगणाऱ्या लोकांचा विचार करून, ते पंचावर आले. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले ते त्याच वेषात; अध्यक्ष म्हणून त्यांचे हे एकमेव अधिवेशन. १९३१ मध्ये लंडनला राजवाड्यातही ते तसेच गेले. ३० जानेवारी १९४८ रोजी त्यांची हत्या झाली.

मी पंचा नेसून मुलाखतीला जावे असा या कथेचा अर्थ नाही, हे मला कळते. पंचा हे साठ माणसांच्या वर्गातून उचलायचे पाऊल नव्हे. मला हवी होती ती मधली पाने: भावाच्या पैशाची जाणीव होणे आणि कॉलर स्वतः धुणे.

मी दादाला जादा पाळ्या करू नकोस म्हणून सांगितले. तो थोडा रागावला, कारण त्याला खरोखरच द्यायचे होते. २,२०० रुपयांत मी एक गडद पँट शिवून घेतली आणि दोन पांढरे शर्ट घेतले. जुन्या बुटांना मोच्याकडून नवा तळ बसवला. टाय कन्नड विभागातल्या मित्राने दिला आणि बांधायलाही शिकवला. आदल्या रात्री पहिला शर्ट मी स्वतः धुतला. नीळ नीट विरघळली नाही आणि पाठीवर निळे डाग उठले. आई हसली, दादाही हसला. मग दुसरा शर्ट आईने समोर बसून माझ्याकडून धुवून घेतला.

माझी निवड झाली नाही. पण त्यात शर्टाचा दोष नव्हता. घसाऱ्याच्या हिशेबावरच्या प्रश्नाला मी अडखळलो, आणि ब्लेझरनेही ते उत्तर सांगितले नसते. घरी येऊन दादाला सांगितले. त्याने शर्टाकडे पाहिले आणि कॉलर बरी झाली आहे म्हणाला. पुढची मुलाखत येत्या महिन्यात आहे. घसाऱ्याचे प्रकरण मी पुन्हा काढले आहे, आणि नीळ आता आधी वाटीत नीट कालवून घेतो.