विल्यम हेन्री साइक्स

कर्नल विल्यम हेन्री साइक्स (२५ जानेवारी १७९० – १६ जून १८७२) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील इंग्रज अधिकारी, निसर्ग अभ्यासक व संख्याशास्त्रज्ञ होते. दख्खनच्या काळ्या कातळाचे पद्धतशीर वर्णन करणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत त्यांची गणना होते.

जीवन

साइक्स १८०३ मध्ये कंपनीच्या सेवेत दाखल झाले. त्यांना हिंदुस्तानी व मराठी या भाषा अवगत होत्या. १८१७ च्या खडकीच्या लढाईत ते पेशव्यांविरुद्ध लढले आणि पुढे त्याच मुलखाचे सर्वेक्षण त्यांच्याकडे आले. १८२४ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी त्यांना सांख्यिकी माहिती गोळा करण्यासाठी नेमले. माणसांच्या गणनेबरोबरच त्यांनी पक्षी, मासे व हवामान यांच्याही नोंदी केल्या. काटकसरीसाठी १८२९ मध्ये हे पद रद्द झाले. तरीही साइक्स यांनी काम सोडले नाही आणि ते पुरे करूनच १८३१ मध्ये मायदेश गाठला. पुढे ते कंपनीचे अध्यक्ष आणि १८५७ पासून मृत्यूपर्यंत ॲबर्डीनचे संसद सदस्य होते.

दख्खनचा कातळ

लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने १८३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात साइक्स यांनी एकावर एक रचलेले बेसॉल्टचे आडवे थर, डोंगरांचे पायऱ्यांसारखे उतार, थरांमधील लाल माती आणि कातळ भेदून गेलेल्या उभ्या भिंती यांचे वर्णन केले. भीमा व नीरा खोऱ्यांतील बारामती, इंदापूर, पिंपळी या भागाखालीही हाच खडक असून तेथील काळी माती त्याच्याच झिजेतून बनली आहे.

एवढा शिलारस आला कोठून, हे सांगण्याचे साधन त्या काळी नव्हते. भूपट्टांची कल्पनाच विसाव्या शतकातील आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे हे उद्रेक आज बहुतेक अभ्यासक रेयुनियन बेटाखालील उष्ण स्रोताशी जोडतात. काहींच्या मते त्या स्रोतात जुन्या समुद्रतळाचे कवचही मिसळलेले होते. असे कवच भूपट्टाबरोबर प्रावरणात खोल बुडते आणि दाबाने त्याचे एक्लोजाइट बनते. हा खडक प्रावरणातील पेरिडोटाइटपेक्षा कमी तापमानाला वितळतो. त्यामुळे तो वर आल्यास शिलारस अधिक निर्माण होतो. मात्र वर येताना शिलारसात भारतीय भूखंडाचे खडकही विरघळले असल्याने मूळ स्रोताची खूण वेगळी काढणे कठीण जाते. त्यासाठी नमुने थरांच्या क्रमानेच तपासावे लागतात.