पात्रता मैदानावर मिळवून देणारे रहीमसाहेब

भारतीय फुटबॉलच्या इतिहासात 'पात्रता' या शब्दाला मोठा चमत्कारिक अर्थ लाभलेला आहे. ब्राझीलमध्ये १९५० साली झालेल्या विश्वचषक स्पर्धेसाठी भारत पात्र ठरला, तो एकही सामना न खेळता. गटातील अन्य देशांनी माघार घेतली आणि भारताला आयता प्रवेश मिळाला. पुढे भारतानेही माघार घेतली. अनवाणी खेळण्यास परवानगी नाकारल्यामुळे ती घेतली, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते. प्रत्यक्षात लांबचा सागरी प्रवास, संघनिवडीवरील मतभेद आणि ऑलिम्पिकला दिलेले अधिक महत्त्व ही कारणे मोठी होती. लंडन व हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी पात्रता सामनेच खेळावे लागले नाहीत. मेलबर्नच्या वेळी थायलंडने माघार घेतल्याने पुढे चाल मिळाली. ऑलिम्पिकचा दरवाजा भारताने पात्रता फेरीत सामने खेळून, प्रतिस्पर्ध्याला त्याच्या घरी जाऊन हरवून उघडला, असे आजवर एकदाच घडले आहे. ते १९६० च्या रोम ऑलिम्पिकसाठी. त्या संघाचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम.

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. निजामाच्या राजवटीतले हे शहर. आपला मराठवाडाही तेव्हा त्याच राज्यात होता. उस्मानिया विद्यापीठातून पदवी घेऊन त्यांनी शिक्षकी पेशा पत्करला. शहरातील वेगवेगळ्या शाळांत शिकवता शिकवता त्यांनी शारीरिक शिक्षणाचे रीतसर प्रशिक्षण घेतले आणि मुलांच्या खेळांची जबाबदारी अंगावर घेतली. स्वतः ते फुटबॉल खेळत, विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघातून त्यांनी नाव कमावले. परंतु त्यांचा खरा पिंड शिक्षकाचा. वर्गातला सर्वांत हुशार मुलगा कोण, यापेक्षा कोणाचे कुठे अडते आहे, हे पाहण्याची सवय त्या पेशाने त्यांना लावली असावी. पुढे देशाच्या संघाला शिकवतानाही ही सवय सुटली नाही.

१९४३ साली ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. शहरातल्या फुटबॉलची घडी बसवताना त्यांनी स्पर्धांचेच नियम बदलून पाहिले. चेंडू पायाशी खेळवत एकट्याने पुढे नेण्यास मनाई असलेल्या स्पर्धा त्यांनी भरवल्या, जेणेकरून खेळाडूंनी वेळेवर चेंडू सहकाऱ्याकडे सोपवावा. केवळ कमकुवत पायाने खेळण्याच्या स्पर्धा घेतल्या, कमी उंचीच्या खेळाडूंसाठी वेगळ्या स्पर्धा ठेवल्या. प्रशिक्षणाच्या खर्चिक सोयी नसताना, नुसता नियम बदलून खेळाडूला हवे ते शिकवण्याची ही युक्ती एखाद्या कसबी शाळामास्तरालाच सुचावी.

या मेहनतीचे फळ हैदराबाद सिटी पोलीस संघाच्या रूपाने देशाला दिसले. कलकत्त्याच्या बलाढ्य क्लबांची सद्दी असताना या पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा जिंकली. कूपरेजच्या मैदानावर तेव्हा गर्दी करणाऱ्या मुंबईकरांना रहीम यांच्या संघाचे जलद, आखूड पासचे फुटबॉल चांगलेच परिचयाचे झाले होते. दिल्लीचा ड्युरंड चषकही या संघाने अनेकदा नेला. संतोष करंडकात हैदराबादने लागोपाठ दोन वेळा विजेतेपद मिळवले आणि दोन्ही अंतिम फेऱ्यांत समोर होता मुंबईचाच संघ.

राष्ट्रीय संघाची सूत्रे पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी त्यांच्याकडे आली. १९५१ साली दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. त्यात भारताने अंतिम सामन्यात इराणला एका गोलने हरवून सुवर्णपदक मिळवले. मात्र पुढच्याच वर्षी हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. त्या पराभवानंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. पण उणीव केवळ पायांतल्या बुटांची नाही, हे रहीम यांनी ओळखले होते. युरोपचे संघ जागा बदलत खेळत होते आणि आपले खेळाडू ठरलेल्या जागी उभे राहून चेंडूची वाट पाहत होते. त्या काळात पुस्कासच्या हंगेरीने मध्य आघाडीवीराला थोडा मागे ठेवून भल्याभल्या संघांची बचावफळी विस्कटून टाकली होती. ती रचना रहीम यांनी अभ्यासली आणि आपल्या खेळाडूंच्या बांध्याला व वेगाला मानवेल अशी बेतून घेतली.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये तिचा प्रत्यय आला. पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतल्याने भारत पुढे गेला आणि यजमान ऑस्ट्रेलियाला त्याने ४-२ असे नमवले. मुंबईच्या टाटा संघातून खेळणारे गोव्याचे नेव्हिल डिसोझा यांनी त्या सामन्यात तीन गोल केले; ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये अशी हॅट्ट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. गोलरक्षक एस. एस. नारायण हेही मुंबईत, माटुंग्यात वाढलेले. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाशी गाठ पडली. या वेळी भारताने आघाडी घेतली, शेवटी ४-१ अशी हार पत्करली. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने हरवले. तरी ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा भारत हा पहिला आशियाई देश ठरला. चारच वर्षांपूर्वी दहा गोल खाल्लेल्या संघाची ही झेप होती.

यानंतरची परीक्षा मात्र वेगळ्या प्रकारची होती. रोमला जाण्यासाठी या खेपेस कोणाच्या माघारीचा आधार नव्हता. अफगाणिस्तानला ५-२ असे हरवल्यावर समोर उभा ठाकला इंडोनेशिया. आजच्या वाचकाला हे नाव फारसे धाकाचे वाटणार नाही; तेव्हा ते होते. मेलबर्नला याच संघाने पुढे सुवर्णपदक जिंकणाऱ्या सोव्हिएत संघाला पहिल्या लढतीत गोलशून्य बरोबरीत रोखले होते. भारताचा इंडोनेशियाशी झालेला पूर्वानुभव तर कटूच होता. १९५४ च्या मनिला आशियाई स्पर्धेत इंडोनेशियाने भारताला चार गोलांनी हरवून घरी धाडले होते. १९५८ साली टोकियोत त्यांनी गटात भारताला नमवले आणि कांस्यपदकाच्या सामन्यात पुन्हा ४-१ अशी धूळ चारली. त्यात भर म्हणजे डिसेंबर १९५९ मध्ये एर्नाकुलमला झालेल्या आशिया चषकाच्या पात्रता फेरीत, मायदेशात खेळूनही, भारत चार संघांत शेवटचा आला होता. मेलबर्नचे यश हा केवळ योगायोग होता, असे म्हणणाऱ्यांना यामुळे बळ मिळत होते.

पात्रता फेरीतील लढत दोन सामन्यांची असते, एक घरी आणि एक परक्या मैदानावर. अशा लढतीत घरी मिळवलेली आघाडी तिकडे जाऊन राखणे हे मोठे कसोटीचे काम. कलकत्त्यात भारत ४-२ असा जिंकला. दोन गोलांची शिल्लक गाठीशी होती; जकार्तात नुसता बचाव करून ती सांभाळता आली असती. भारताने तेथेही २-० असा विजय मिळवला. सहा वर्षांत तीनदा ज्यांच्याकडून मार खाल्ला, त्यांच्याविरुद्ध दोन सामन्यांत मिळून सहा गोल केले, दोनच दिले आणि परक्या भूमीवर तर एकही दिला नाही. पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी आणि तुळशीदास बलराम ही आघाडीची त्रयी याच काळात बहरली. बलराम सिकंदराबादजवळचे, त्यांच्यातला खेळाडू हेरला तो रहीम यांनीच.

रोममध्ये भारताच्या गटात हंगेरी, फ्रान्स आणि पेरू असे संघ होते. पुढे कांस्यपदक जिंकणाऱ्या हंगेरीशी भारत १-२ असा निसटता हरला. फ्रान्सला १-१ असे रोखले. कर्णधार बॅनर्जी यांनी गोल केला होता. पेरूने ३-१ अशी मात केल्याने भारताचे आव्हान गटातच संपले. पदक नाही, बाद फेरी नाही; परंतु तिन्ही सामन्यांत भारत गोल करू शकला आणि कोठेही त्याची दाणादाण उडाली नाही. या संघात रहीम यांचे पुत्र सय्यद शाहिद हकीम यांचाही समावेश होता. त्यांना रोममध्ये एकही सामना खेळायला मिळाला नाही. मुलाला ऑलिम्पिकच्या मैदानावर उतरलेला पाहण्याची इच्छा कोणत्या पित्याला नसेल? पण संघाची गरज आणि घरचे नाते यांत सरमिसळ न करणारा प्रशिक्षक खेळाडूंनी येथे पाहिला. राखीव बाकावर बसणाऱ्यांच्या मनात त्यामुळे कोणतीही शंका उरण्याचे कारण नव्हते.

दोन वर्षांनी जकार्ता पुन्हा समोर आले. १९६२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांत इंडोनेशियाने इस्रायल व तैवान यांना प्रवेश नाकारला. आशियाई क्रीडा महासंघाचे भारतीय पदाधिकारी जी. डी. सोंधी यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतल्याने तेथील जनमत भारताविरुद्ध खवळले. भारतीय खेळाडूंना शिट्ट्या आणि हुर्यो यांच्या भडिमारात खेळावे लागले. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने दोन गोलांनी हरवले. मग थायलंड आणि जपानला नमवून संघ सावरला. थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नेलसिंग यांचे डोके फुटले, टाके पडले. अशा खेळाडूला एरवी घरी बसवले असते. रहीम यांनी त्याला बचावातून काढून थेट आघाडीवर नेले. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्याने गोल केला आणि ४ सप्टेंबर रोजी अंतिम सामन्यात त्याच दक्षिण कोरियाविरुद्धही. बॅनर्जी यांचा एक, जर्नेलसिंग यांचा एक. भारत २-१ असा विजयी झाला. विरोधी प्रेक्षकांच्या त्या सागरात पाकिस्तानचे हॉकीपटू भारताला प्रोत्साहन देत होते, अशी आठवण त्या संघातील खेळाडू सांगत. मधल्या फळीत गोव्याचे फॉर्च्युनाटो फ्रँको होते. रोममध्ये सामन्याविना परतलेल्या या खेळाडूच्या गळ्यात जकार्तात सुवर्णपदक पडले.

रहीम यांची प्रकृती तोवर खालावली होती. फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांना घेरले होते. त्या विजयानंतर वर्षही पुरते उलटले नाही, तोच ११ जून १९६३ रोजी, वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी हैदराबादच्या या शिक्षकाने जगाचा निरोप घेतला.

त्यांच्या पश्चात काय झाले, हे पाहिले म्हणजे त्यांचे मोल अधिक कळते. टोकियो ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत भारताने सिलोनला हरवले, मग इराणपुढे हार पत्करली. १९६४ साली आशिया चषकाचे उपविजेतेपद मिळाले, पण त्या स्पर्धेतील प्रवेश पुन्हा इतरांच्या माघारीतून लाभलेला. १९७० च्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक आले. त्यानंतर तेथे पदक नाही. ऑलिम्पिकच्या फुटबॉलमध्ये रोमनंतर भारत दिसला नाही. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भारत प्रत्यक्ष मैदानात उतरला तो थेट १९८५ साली. जून २०२४ मध्ये कतारकडून हरल्यावर २०२६ च्या विश्वचषकाचा मार्ग दुसऱ्या फेरीतच बंद झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावला सिंगापूरने १-२ असे हरवल्याने २०२७ च्या आशिया चषकाची संधीही हुकली.

अशा प्रत्येक पराभवानंतर रहीमसाहेबांच्या सुवर्णयुगाची आठवण काढण्याची प्रथा पडली आहे. २०२४ साली त्यांच्यावर 'मैदान' हा हिंदी चित्रपट निघाल्यामुळे नव्या पिढीलाही त्यांचे नाव ठाऊक झाले, हे चांगलेच झाले. पण सुवर्णयुग या शब्दाच्या झळाळीत त्यामागची तालीम दिसेनाशी होऊ नये. जकार्ताचे सुवर्ण आणि मेलबर्नची उपांत्य फेरी यांची उजळणी आपण नेहमी करतो. इंडोनेशियाविरुद्धच्या पात्रता फेरीतील त्या दोन विजयांचा उल्लेख क्वचितच होतो. त्या फेरीला ना पदक असते, ना मिरवणूक. हैदराबादच्या गल्ल्यांत कमकुवत पायाने खेळायला लावलेली मुले, निकालापेक्षा सरावावर घालवलेली वर्षे आणि पराभवाचा अभ्यास करण्याचा चिवटपणा यांचा हिशेब मात्र तेथेच चुकता होतो. रहीम यांच्यामागे तो हिशेब मांडणारी व्यवस्था उभी राहिली नाही. एका माणसाच्या वहीत असलेले ज्ञान त्या माणसाबरोबर गेले, आणि तेव्हापासून भारतीय फुटबॉल पात्रतेच्या उंबरठ्यावर उभे आहे.