लेव्ह लांडाऊ

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. म्हणून वयाच्या १९ व्या वर्षी विज्ञानात भर घालणाऱ्या लेव्ह लांडाऊंचे मला नवल वाटते. त्यांचा जन्म १९०८ साली बाकू येथे झाला. भोवतालात गुंतलेल्या अणूचे वर्णन तो एकटाच आहे असे धरून पुरे होत नाही. त्यासाठी १९२७ साली त्यांनी डेन्सिटी मॅट्रिक्सचे गणित मांडले. आज संगणकावर अशा अणूंचे बदल त्याच गणिताने काढतात.

१९३८ साली स्टालिनच्या राजवटीत त्यांना अटक झाली. वर्षभराने शास्त्रज्ञ प्योत्र कापित्सा जामीन राहिले, तेव्हा ते सुटले. कापित्सांना आढळलेल्या, घर्षणाविना वाहणाऱ्या हेलियमचे कोडे त्यांनी पुढे उलगडले. १९६२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले; १९६८ साली ते निवर्तले. माणसाचा हिशेबही भोवतालासकटच मांडावा लागतो, असे मला वाटते.