पोरानं प्रकल्पात लिहिला हाफकिन
रिठद : आमच्या पोराला शाळेत रोगांवर प्रकल्प मिळाला. म्हटलं, डॉ. वाल्देमार हाफकिन लिही. जन्म ओडेसाचा, १८६० सालचा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, माणसं पटापट मरू लागली. हाफकिन यांनी तिथंच लस बनवली अन् १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःलाच टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवालला एकाच बाटलीतली लस घेतलेले १९ जण धनुर्वातानं दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला, काम गेलं. खरी चूक गावात बाटली उघडताना झाली होती. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. १९३० साली वारले. मुंबईत परळच्या संस्थेला १९२५ पासून त्यांचंच नाव आहे. लसीला भिणाऱ्यानं हा प्रकल्प लेकराकडून वाचून घ्यावा.